वर्दीच्या खोलीतलं घड्याळ

वानखडे साहेब कुठल्याही इमारतीत शिरले की आधी बाहेर पडायची वाट शोधत. लग्नाला आले तर नवरा-नवरीकडे न जाता थेट कार्यालयाच्या मागच्या बाजूला जात. तिथे दार आहे का, असलं तर त्याला कुलूप आहे का आणि किल्ली कोणाकडे असते, हे विचारून झाल्यावरच अक्षता हातात घेत. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला मागच्या दारासमोरची पाण्याची पिंपं हलवायला लावली होती. आमच्या काकूंना वाटलं, मुलाकडचे कोणी रुसलेले पाहुणे आहेत. त्या लगबगीने सरबत घेऊन गेल्या. साहेबांनी सरबत घेतलं आणि काकूंना म्हणाले, "यायचा रस्ता सगळ्यायले माहीत रायते, बाई. निघायचा कोणाले माहीत रायते?" काकू बरेच दिवस विचारत होत्या, "ते मागच्या दाराचे गृहस्थ काय म्हणतात?"

ते गेले त्याला आता दीड महिना झाला. हे लिहायला बसते आणि उठते. बारा वर्षं मी त्यांचे अहवाल टाइप केले. ते सांगत, मी टाइप करत असे, आणि शेवटी ते विचारत, "बाई, यात एखादा शब्द उगाच तं नाही आला?" आता हे विचारायला कोणी नाही, म्हणून हात अडखळतो.

शहराच्या अग्निशमनाचं काम नीट चाललं आहे की नाही, यावर देखरेख ठेवणारी आमची एक लहानशी कचेरी होती. तिचं नाव आणि केंद्रांची नावं मी लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं हयात आहेत, आणि पुण्यात हयात माणसं वाचतात. वानखडे साहेब मूळचे अकोल्याकडचे. जवान म्हणून भरती झाले, चढत चढत एका केंद्राचे प्रमुख झाले. पुढे एका आगीत शिडीवरून पडून गुडघा गेला आणि त्यांची बदली आमच्याकडे तपासणीवर झाली. आल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि ओळख करून न देता विचारलं, "बाई, तुमच्या खुर्चीपासून जिन्यापर्यंत पावलं किती?"

मी म्हणाले, "मोजली नाहीत."

"मोजून ठेवा. धुरात डोळे कामाचे नाहीत, पाय कामाचे."

आमचे हेडक्लार्क गोडबोले पलीकडून म्हणाले, "बापटबाई, मोजाच. पाच वाजता निघताना उपयोग होईल." साहेब हसले नाहीत. त्यांना पुण्यातला विनोद कळायला दोन वर्षं लागली, आणि कळला तेव्हाही तो त्यांना फार आवडला असं नाही. मी मात्र त्या संध्याकाळी पावलं मोजली. एकोणीस भरली.

तपासणीला ते न सांगता जात. केंद्राच्या अंगणात मधोमध उभे राहत आणि एकदम ओरडत, "वर्दी!" वर्दी म्हणजे आग लागल्याची खबर. ते ओरडले की जवान धावत, बूट चढवत, बंबावर चढत, आणि साहेब डोळे मिटून तोंडातल्या तोंडात आकडे मोजत राहत. घड्याळ ते कधीच पाहत नसत. कोणी विचारलं तर सांगत, "घड्याळ पाहायले मान वळवावी लागते, तेवढ्यात जवानाचे पाय दिसत नाहीत." बुटांच्या बाबतीत तर ते फारच कडक होते. बूट बंबाकडे तोंड करून ठेवलेले नसले तर स्वतः खाली बसून, दुखऱ्या गुडघ्यावर, एकेक जोडी वळवून ठेवत. बोलत काही नसत. प्रमुखांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागत असे.

ती नव्वदीतली शेवटची वर्षं होती. येरवड्याच्या पलीकडे शेतं संपून इमारती उगवत होत्या. कंपन्यांच्या काचेच्या इमारती, त्यांच्या मागे कामगारांच्या चाळी, पत्र्याची दुकानं. आमच्या कचेरीतही पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर टाय लावलेली दोन मुलं आली. केंद्रांच्या वर्दीच्या वह्यांमधले आकडे ती मुलं त्यात भरत आणि रंगीत आलेख काढून देत. वर्दी किती वाजता आली आणि बंब किती वाजता पोहोचला, यातलं अंतर म्हणजे केंद्राची कामगिरी. सगळ्यांत चांगला, हिरवागार आलेख निघे तो नदीअलीकडच्या एका केंद्राचा. वानखडे साहेब पूर्वी त्याच केंद्राचे प्रमुख होते. येरवड्यापलीकडचा सगळा भाग तेव्हा त्याच केंद्राकडे होता. तिकडे नवीन केंद्र हवं असा प्रस्ताव दोनदा आला आणि दोनदा मागे पडला, कारण आमच्या अहवालात लिहिलेलं असे : 'सध्याच्या केंद्रातून बंब नऊ-दहा मिनिटांत पोहोचतो. नवीन केंद्राची तूर्त आवश्यकता दिसत नाही.' खाली साहेबांची सही. ते वाक्य मी टाइप केलं होतं. कागद फार सुंदर दिसत होता.

मग एके दिवशी हिराबाई आल्या. येरवड्यापलीकडच्या एका पत्र्याच्या गाळ्यात त्या शिवणकाम करत. आठवड्यापूर्वी भर दुपारी शेजारच्या फर्निचरच्या दुकानाला आग लागली, ती त्यांच्या गाळ्यात शिरली. तीन मशिनं गेली, शाळा उघडायच्या आधी द्यायचे गणवेश गेले, आणि मशिन ओढायला गेलेल्या सासूबाईंचे दोन्ही हात भाजले. हिराबाईंची तक्रार एवढीच होती की बंब वीस मिनिटांनी आला.

साहेबांनी वही मागवली. त्यांची भाषा अशा वेळी शुद्ध होत असे. "हे पाहा बाई. वर्दी आली एक वाजून चाळीस मिनिटांनी. बंब पोहोचला एक एकोणपन्नासला. नऊ मिनिटं."

"न्हाई साहेब. दीडच्या बातम्या लागल्या तवा म्या पीसीओत फोन कानाला लावून उभी व्हते. त्याचा रेडिओ मोठ्यानं चालू व्हता."

"घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. त्यात तुमची चूक नाही."

"आन् रेडिओला?" हिराबाई म्हणाल्या. "त्यो बी घाबरला व्हता का? बातम्या संपल्या, गाणी लागली, दुसरं गाणं अर्ध्यात आलं तवा तुमची घंटा ऐकू आली. रस्त्यापल्याड रेडिओ गात व्हता आन् अल्याड माझी मशिनं जळत व्हती. मी कशी इसरन?"

साहेबांनी वही मिटली. "नोंद आहे ती आहे," असं म्हणून त्यांनी हिराबाईंना वाटेला लावलं. मी साहेबांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. आपल्या जवानांवर आळ आला की ते भिंतीसारखे उभे राहत, हे खरं. पण हिराबाई जिना उतरून गेल्यावर त्यांनी वही पुन्हा उघडली. मग उठले आणि म्हणाले, "बाई, वही घ्या. केंद्रावर जाऊन येऊ."

केंद्रावर पोहोचल्यावर त्यांनी अंगणात उभं राहून हाक मारली नाही, बुटांकडे पाहिलं नाही. सरळ वर्दीच्या खोलीत गेले, जिथे फोन असतो. फोनवर शिंदे नावाचे जवान होते. ते ताडकन उठून उभे राहिले. साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, मग माझ्याकडे हात केला. मी माझं घड्याळ दाखवलं. भिंतीवर चार वाजून पाच मिनिटं झाली होती. आमच्या दोघांच्या मनगटांवर चारला पाच कमी.

"शिंदे, हे घड्याळ…"

"दहा मिनिटं पुढं आहे, साहेब," शिंदे अभिमानाने म्हणाले. "तुम्हीच तर केलं होतंत प्रमुख असताना. पोरं सकाळच्या पाळीला उशिरा यायची म्हणून. तेव्हापासून आजपर्यंत एक माणूस लेट नाही. आम्ही कोणाला हात लावू दिलेला नाही त्याला."

साहेब बाकावर बसले.

वाचणाऱ्याने आपल्या घरातलं घड्याळ आठवावं. पुण्यात निम्म्या घरांत ते पाच-दहा मिनिटं पुढे असतं. पाहणारा मनातल्या मनात वजा करतो आणि चालू लागतो. वर्दीच्या खोलीतही तसंच होतं. सगळ्यांना ठाऊक होतं की घड्याळ पुढे आहे. पण फोन आला की भिंतीवर दिसते ती वेळ वहीत लिहायची, आणि बंब पोहोचला की अधिकाऱ्याने मनगटावरची वेळ सांगायची, अशी रीत पडली होती. वजाबाकी कोणीच करत नव्हतं. त्यामुळे प्रत्येक वर्दीतली दहा मिनिटं कुठेतरी नाहीशी होत होती. हिराबाईंचा फोन दीडला आला होता. बंबाला एकोणीस मिनिटं लागली होती. आणि ज्या नऊ-दहा मिनिटांच्या जोरावर आम्ही चार वर्षं 'नवीन केंद्राची आवश्यकता नाही' म्हणत होतो, ती कधी नव्हतीच.

"दर महिन्याले येतो इथं," साहेब म्हणाले. ते शिंदेंशी बोलत नव्हते, माझ्याशीही नाही. "हे पुढं हाये हे मले माहीत होतं. म्हणून त्याच्याकडं पाहतच नव्हतो."

दुसऱ्या दिवशी कचेरीत गोडबोल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय शहाणा सल्ला दिला. "घड्याळ गुपचूप लावून टाका. आकडे आपोआप वाढतील. वाहतूक वाढली आहे म्हणून लिहू, ती वाढलीच आहे. नवीन केंद्राचा प्रस्ताव पुढच्या वेळी आपणच उचलून धरू. कोणाचं काही बिघडत नाही, आणि आपण आठ महिन्यांनी सन्मानाने घरी जाल."

मला तो सल्ला पटला होता. हे मी आज लिहिते, कारण त्या वेळी बोलले नाही.

साहेबांनी मला कागद लावायला सांगितला. त्या केंद्राचे आजवरचे आकडे चुकीचे आहेत, ते का चुकले, त्यांवरून काढलेला निष्कर्ष रद्द समजावा आणि येरवड्यापलीकडे केंद्राची तातडीने गरज आहे, असं सगळं त्यांनी सांगितलं. शेवटचं वाक्य होतं : 'सदर घड्याळ मी केंद्रप्रमुख असताना स्वतः पुढे केले होते.'

मी हात थांबवले. "साहेब, एवढं वाक्य नसलं तरी अहवाल पुरा होतो."

"होते ना."

"मग?"

"वही कोणाच्या अक्षरात हाये, बाई? शिंदेच्या. हे वाक्य नसलं तं लोकं त्याले धरतीन. म्हणतीन, यानंच वेळ खोटी लिहिली." मग हळू : "उशीर झाला तं झाला. आग आहे, रस्ता आहे, होते उशीर. पण उशीर झाला हे समजलं तं पायजे ना कोणाले! मी थेच समजू नाही दिलं."

मी वाक्य टाइप केलं.

खात्याच्या मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. दार उघडं होतं. "वानखडे, आपण निवृत्त होणार आहात की हुतात्मा?" असं त्यांनी विचारलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. साहेब काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा ते मला एवढंच म्हणाले, "चला, त्या बाईकडं जाऊन येऊ."

हिराबाईंचा गाळा काळाठिक्कर पडला होता. बाहेर ताडपत्री बांधून, कोणाकडून तरी आणलेल्या एका जुन्या मशिनवर त्या शिवत बसल्या होत्या. सासूबाई शेजारी, दोन्ही हातांना पट्ट्या. आम्हाला पाहून हिराबाई उठल्या नाहीत. साहेबांनी टोपी काढली.

"बाई, तुमचा रेडिओ खरा होता. आमचं घड्याळ खोटं होतं. आणि ते मीच पुढं केलं होतं."

हिराबाईंनी पाय थांबवला. मशिन थांबलं. सासूबाईंनी विचारलं, "म्हंजी आता गाडी लवकर येईल?"

"नाही, आजी. अजून नाही. केंद्र व्हायला वेळ लागेल."

"मंग आलात कशाला?" हिराबाई म्हणाल्या.

"तुमाले खोटं पाडून लावून दिलं होतं. थे परत घ्यायले आलो."

हिराबाईंनी कापड पुन्हा सुईखाली घेतलं. साहेब उभेच. मला वाटलं, आता निघावं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "हिरे, सायबाचा गुडघा दुखतोय बघ. स्टूल दे." हिराबाईंनी स्टूल सरकवलं. माफी वगैरे शब्द कोणी काढला नाही. साहेब पाच मिनिटं बसले आणि जाताना सवयीप्रमाणे ताडपत्रीच्या मागे डोकावून आले. मागे भिंत होती. त्यांनी शेजारच्या दुकानदाराला हाक मारून आडवं ठेवलेलं लाकूड काढायला लावलं आणि ताडपत्रीची एक बाजू मोकळी करून घेतली. "ही बाजू बांधायची नाही," असं हिराबाईंना दोनदा बजावलं.

चौकशी झाली. साहेबांच्या सेवापुस्तकात ठपका नोंदला गेला. शिंदेंना कोणी हात लावला नाही. निवृत्तीच्या दिवशी मोठे साहेब दौऱ्यावर होते. गोडबोल्यांनी नारळ दिला आणि भाषण करायला उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता काहीतरी खोचक येणार. ते म्हणाले, "मी या गृहस्थांना एक सल्ला दिला होता. त्यांनी तो ऐकला नाही, याचं मला बरं वाटतं," आणि खाली बसले. मी त्यांना त्यापूर्वी किंवा नंतर एवढं सरळ वाक्य बोलताना ऐकलं नाही.

येरवड्यापलीकडचं केंद्र पुढे झालं, पण त्याला वर्षं लागली. तोवर तिकडे काचेच्या इमारती आणखी वर गेल्या होत्या. उद्घाटनाला साहेबांना निमंत्रण नव्हतं. ते आपले आपण गेले, गर्दीत मागे उभे राहिले आणि पहिला बंब फाटकातून निघाला तेव्हा डोळे मिटून मोजत होते, असं शिंदेंनी मला सांगितलं. शिंदे तिथेच वर्दीच्या खोलीचे प्रमुख झाले होते.

मग साहेबांचा एक क्रम सुरू झाला. दर सोमवारी दुपारी ते त्या केंद्रावर जात. खिशात लहान रेडिओ. दीडच्या बातम्यांच्या ठोक्याला भिंतीवरचं घड्याळ पडताळून पाहत आणि घरी येत. नवी मुलं हसत. एकाने म्हणे त्यांना सांगितलं, "काका, आता टाइम कॉम्प्युटरवर ऑटोमॅटिक पडतो. सगळं सर्व्हरवर असतं. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"अरे, जात्यात खडे टाकले तं पीठ कसं निघन?" साहेब म्हणाले. "थो सर्व्हर कोणतं घड्याळ पाहते, थे विचारलं का त्याले कोणी?" कोणी विचारलं नव्हतं. मुलाने विचारून पाहिलं आणि पुढच्या सोमवारी त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांना जिना चढवेना, तेव्हा ते फोन करून वेळ विचारत. आम्ही अधूनमधून भेटायला जायचो. एकदा मी त्यांना सांगितलं की आमच्या नव्या फ्लॅटमध्ये खाटेपासून जिन्यापर्यंत अठ्ठावीस पावलं होतात. त्यांनी विचारलं, "दिवे घालवून मोजली का?" मी घरी येऊन पुन्हा मोजली. एकतीस झाली.

ते गेले ते एका सकाळी, दवाखान्यात, शांतपणे. मुलगा म्हणाला, खाटेवर असतानाही नर्सला विचारत होते की या मजल्याचा दुसरा जिना कुठे आहे. तेराव्याच्या जेवणाला हिराबाई आल्या होत्या. मी त्यांना ओळखलं नाही, त्यांनी मला ओळखलं. सासूबाई केव्हाच गेल्या होत्या. साहेबांच्या घरच्या खिडक्यांचे पडदे त्यांनीच शिवले होते, असं तेव्हा कळलं.

मागच्या सोमवारी मी त्या केंद्रावर गेले. जायचं काही कारण नव्हतं. शिंदे आता निवृत्तीला आले आहेत. वर्दीच्या खोलीत कॉम्प्युटरचे चार पडदे, निळे आकडे, कानाला यंत्र लावलेल्या दोन मुली. त्यांच्या डोक्यावर एक साधं, गोल, भिंतीवरचं घड्याळ. खाली काचेत चिकटवलेला कागद, पिवळा पडलेला : 'हे घड्याळ पुढे करू नये.' अक्षरं माझ्याच टाइपरायटरची होती. त्याचा 'ढ' नेहमी ओळीच्या किंचित वर उडायचा. हे वाक्य साहेबांनी माझ्याकडून केव्हा टाइप करून घेतलं, मला आठवत नाही. अहवालांच्या ढिगात कधीतरी घेतलं असेल. मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. बरोबर होतं.

घरी आले. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ लग्नापासून पाच मिनिटं पुढे आहे. शनिवार पेठेतल्या जुन्या घरातून इकडे आलो तेव्हा ते तसंच, पाच मिनिटांसकट आलं. मी स्टूल घेतलं, घड्याळ खाली काढलं आणि काटा मागे घेतला. यजमान पेपर वाचत होते. चष्म्यावरून पाहत म्हणाले, "अगं, हे काय करतेस? आता रोज सगळ्याला पाच मिनिटं उशीर होईल."

मी घड्याळ खिळ्याला अडकवलं.

"होतच होता," मी म्हणाले.